ठराव क्रमांक चार

२०२० सालच्या डिसेंबरातली दहा तारीख. बडोद्यात तेव्हा रात्रीची संचारबंदी होती आणि माणसे एकमेकांच्या घरी जायची थांबली होती. त्यामुळे पहाटे फोन वाजला की छातीत धस्स होई. त्या महिन्यांत अवेळी आलेल्या फोनाने आम्हांला दोन जवळची माणसे गेल्याचे कळवले होते. फोन अमेरिकेहून होता. टेक्ससमधल्या डॅलस शहराच्या उत्तरेला एका उपनगरात माझा धाकटा भाऊ राहतो. त्याची मुलगी बोलत होती, आणि तिचा आवाज ओला होता.

"काका, विकत घेतलं त्यांनी!"

"काय विकत घेतलं? घर?"

"घरच म्हणा," ती म्हणाली, आणि मग हसली की रडली ते मला समजले नाही.

माझी ही पुतणी तेव्हा एकतीस वर्षांची होती. एका मोठ्या रुग्णालयाच्या औषध विभागात ती काम करते. त्या वर्षी तिने काय पाहिले असेल ते तिने आम्हांला कधी सविस्तर सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. रात्री परतल्यावर हातपाय धुऊन, ताट घेऊन ती एकटी पडद्यासमोर बसे आणि जपानी चित्रमालिका पाही. 'अ‍ॅनिमे' म्हणतात ती. इंग्रजी 'अ‍ॅनिमेशन' या शब्दाची शेपटी जपानी माणसांनी कापून टाकली आणि उरलेले धड जगाला परत केले. तर या मालिका महाजालावरून घरोघरी पोहोचवणारी अमेरिकेतली दोन प्रमुख दुकाने म्हणजे फनिमेशन आणि क्रंचीरोल. पहिले आधीच सोनीच्या मालकीचे होते. त्याच्याच हातून सोनीने आता दुसरेही घ्यायचे ठरवले होते, ११७ कोटी ५० लाख डॉलर मोजून. आदल्या दिवशी तशी घोषणा झाली होती.

मला, खोटे कशाला सांगू, थोडा रागच आला. पहाटे साडेपाचला मनुष्य दचकून उठतो तो कोणी तरी गेल्याच्या भीतीने, आणि इकडे एका कंपनीने दुसरी घेतली म्हणून गळा दाटलेला. मी म्हणालो, "अगं, बरंच झालं की. दोन वर्गण्यांऐवजी एक भरायची. यात वाईट काय?" ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "तुम्हीसुद्धा तसंच म्हणणार, काका." त्या 'सुद्धा'त काय होते ते मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळले.

पुढच्या चार-सहा फोनांत तिने मला या दोन घरांची कुळकथा सांगितली. ती ऐकताना माझे मत थोडे थोडे सैल होत गेले, म्हणून ती इथे सांगणे भाग आहे.

फनिमेशनची स्थापना १९९४ सालची. स्थापक गेन फुकुनागा. त्यांचे एक नातलग जपानच्या तोएई कंपनीत निर्माते होते. इंग्रजी वृत्तांत त्यांना 'अंकल' म्हटलेले असल्यामुळे आपल्यासारख्याला काका की मामा हा प्रश्न पडतोच. त्यांनी सुचवले की, अमेरिकेत कंपनी काढून भांडवल उभे केलेस तर 'ड्रॅगन बॉल'चे हक्क मिळतील. भांडवल आले कुठून? फुकुनागांच्या एका सहकाऱ्याच्या कुटुंबाची पशुखाद्याची गिरणी होती. ती विकून त्या घराने पैसा घातला. टेक्ससमधली गुरांची पेंड आणि जपानमधला शेपूटवाला लढवय्या मुलगा यांची गाठ अशी पडली. पुतणीच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर फ्लॉवर माऊंड नावाच्या उपनगरात ही कंपनी पुढे नांदली. तिथल्या स्थानिक नटनट्यांनी इंग्रजीत आवाज दिले. किराणा घेताना शेजारी उभा असलेला माणूस कदाचित आपल्या आवडत्या वीराचा आवाज असेल, या कल्पनेने तिचे शाळेचे दिवस भारलेले होते.

आवाजाचे हे वेड मला अगदीच परके नव्हते. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची जी मालिका लागे, ती मुळात जपानी होती, निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेने केलेली. हे आमच्या पिढीतल्या किती जणांना तेव्हा ठाऊक होते? गुलजारांचे शीर्षकगीत सगळ्यांना आठवते, आणि शेरखानाला नाना पाटेकरांनी दिलेला आवाज आठवतो. आमच्या वाड्यातल्या मुलांना तो वाघ इतका आपला वाटे की, तो मराठीच असणार याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. त्याचा आवाज मध्येच दुसऱ्या कोणी दिला असता तर वाड्यात बंड झाले असते.

क्रंचीरोलचे कूळ वेगळे, आणि थोडे आडवळणाचे. १९८० आणि ९०च्या दशकांत अमेरिकेतल्या विद्यापीठांतले विद्यार्थी जपानहून ध्वनिचित्रफिती मागवत, शब्दकोश घेऊन संवादांचे भाषांतर करीत, गणकयंत्राच्या साहाय्याने ते चित्राखाली उमटवीत आणि कोरी फीत व टपालखर्च पाठवणाऱ्याला प्रत करून देत. 'विक्रीसाठी नाही' अशी सूचना त्या फितींवर ते स्वतःच घालीत. एखाद्या मालिकेचे रीतसर हक्क कोणी घेतले की तिचे वाटप थांबवावे, असा त्यांचा आपसांतला दंडक होता. कायद्याने ते चूकच. पण पोथी नकलून देणाऱ्या आपल्याकडच्या माणसांची आठवण यावी अशी ती चूक होती. २००६ साली बर्कलीच्या काही पदवीधरांनी क्रंचीरोल सुरू केले ते या हौशी भाषांतरांच्याच जिवावर. लोकांनी चढवलेल्या, बहुतांशी विनापरवाना मालिका तिथे पाहायला मिळत. २००८ साली त्यांना गुंतवणूकदारांचा पैसा मिळाला तेव्हा हक्कधारकांनी आणि प्रतिस्पर्ध्यांनी नाके मुरडली. २००९च्या जानेवारीत मात्र तोक्यो वाहिनीशी करार करून 'नारुतो शिप्पुदेन' रीतसर दाखवणे सुरू झाले आणि विनापरवाना माल काढून टाकण्यात आला. चोराने दुकान मांडावे आणि पुढे ते चोख चालवावे, असा हा प्रकार. ज्यांनी रात्री जागून फुकट भाषांतरे केली, त्यांतल्या बहुतेकांचे नाव कुठे राहिले नाही.

दोन घरांचे दोन पंथ होते. क्रंचीरोलचा ओढा मूळ जपानी आवाज आणि खाली इंग्रजी अक्षरे यांकडे. फनिमेशनची ख्याती इंग्रजी आवाजांची. कोणता मार्ग शुद्ध, यावर त्यांच्या चाहत्यांत वर्षानुवर्षे वाद चालत. अशा वादाची मला चांगली ओळख आहे. शरच्चंद्र बंगालीतून वाचला नसेल तर तो वाचलाच नाही, असे म्हणणारे एक गृहस्थ आमच्या ग्रंथालयात होते. त्यांना बंगाली येत नव्हते. २०१६ साली या दोन कंपन्यांनी समझोता करून अक्षरे एकाकडे आणि आवाज दुसऱ्याकडे अशी वाटणी करून घेतली. २०१८च्या अखेरीस ती मोडली. त्याआधी २०१७ साली सोनीने फनिमेशनचा पंचाण्णव टक्के हिस्सा १४ कोटी ३० लाख डॉलरला घेतलेला होता, आणि क्रंचीरोल एटीअँडटी या दूरध्वनी कंपनीच्या पदरात गेले होते. म्हणजे २०२०मध्ये जे घडले ते दोन घरांचे मनोमीलन नव्हते. एका मोठ्या सावकाराने दुसऱ्याकडून गहाणवट सोडवून घेतली होती, इतकेच.

चाहत्यांच्या प्रतिक्रिया पुतणी मला फोनवर सांगे. मला त्यांत रस वाटू लागला तो त्यांच्या विसंगतीमुळे. एकाच माणसाला एकाच श्वासात आनंद आणि धास्ती वाटत होती. 'आता सगळे एका छताखाली' म्हणून लोक खूश होते, आणि 'आता छत एकच, गळू लागले तर जायचे कुठे' म्हणून घाबरले होते. कोणी मक्तेदारीचे गणित मांडत होते. कोणाला चिंता होती की, दोन्हींकडच्या पडद्यांपैकी जो अधिक अडखळतो नेमका तोच ठेवतील. कोणी म्हणत होते, सोनीच्या घरात किमान ही माणसे त्याच धंद्यातली आहेत, दूरध्वनीवाल्यांना यातले काय कळत होते? हे मला शहाणपणाचे वाटले. आणि पुष्कळ जण नुसतेच आठवणी सांगत होते: पहिली मालिका कोणती पाहिली, कोणत्या आजारपणात, कोणत्या वसतिगृहात. कंपन्यांच्या खरेदीविक्रीवर माणसे आपल्या आजारपणाच्या आठवणी का सांगतात, हा प्रश्न मला तेव्हा पडला. ९ ऑगस्ट २०२१ रोजी व्यवहार पुरा झाला.

आता माझ्याविषयी.

बडोद्याला ग्रंथालयांचे गाव म्हणावे अशी त्याची पूर्वपुण्याई आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले, हे अभ्यासक जाणतातच. त्या मोठ्या वृक्षाच्या सावलीत मराठी मंडळींनी आपली छोटी छोटी वाचनालये काढली. दांडिया बाजाराच्या आसपास, दोन गल्ल्यांच्या अंतरावर, अशी दोन होती. नावे सांगत नाही. सांगण्यासारखे फारसे उरलेही नाही. त्यांपैकी लहान वाचनालयाचा मी १९७९पासून कार्यवाह होतो. सभासद रोडावले होते, मुले गुजराती-इंग्रजी माध्यमांत गेली होती, घरमालक भाडे वाढवून मागत होता. १९८८च्या एप्रिलात आम्ही आमचे वाचनालय मोठ्यात विलीन केले. विशेष सर्वसाधारण सभेला एकोणीस जण आले. गणसंख्येअभावी अर्धा तास थांबून तीच सभा पुन्हा भरवली. विलीनीकरणाचा ठराव क्रमांक चार मी मांडला. तोंडपाठ आहे, कारण मीच लिहिला होता: वाचकांना अधिक समृद्ध ग्रंथसंग्रहाचा लाभ एकाच ठिकाणी मिळावा, या हेतूने.

१ मार्च २०२२ रोजी फनिमेशनच्या मालिका यापुढे क्रंचीरोलवर मिळतील असे जाहीर झाले, तेव्हा पुतणीने ते निवेदन मला वाचून दाखवले. हजाराहून अधिक मालिका, चाळीस हजारांहून अधिक भाग, जगातला सर्वांत मोठा संग्रह, आणि तो एका ठिकाणी. मी फोन कानाला लावून बसलो होतो आणि मला घाम फुटला होता. इंग्रजीत होते, डॉलरांचे होते. पण वाक्य माझे होते.

ते वाक्य खोटे नव्हते, हे मला आजही सांगावेसे वाटते. आमचे वाचनालय तसे राहिले असते तर पुढच्या तीन पावसाळ्यांत वाळवीने संपवले असते. फनिमेशनच्या चाहत्यांनाही खरोखरच जास्त मालिका मिळाल्या. भारतात तर २०२२ साली क्रंचीरोलने वर्गणी उतरवून महिना एकोणऐंशी रुपयांवर आणली आणि पुढे हिंदी, तमिळ, तेलुगू आवाजांतल्या मालिका येऊ लागल्या. आमच्या शेजारचा बारावीतला मुलगा त्या दिवशी इतका आनंदला होता की, त्याच्यापुढे पुतणीच्या दुःखाची गोष्ट काढणे मला अप्रशस्त वाटले. एकाच विलीनीकरणाची बातमी एका ठिकाणी सुतकासारखी येते आणि दुसऱ्या ठिकाणी पेढ्यासारखी.

पण अमेरिकेत त्याच वसंतात नव्या मालिका विनामूल्य पाहण्याची सोय बंद झाली. तोवर जाहिराती सोसून आणि आठवडाभर थांबून गरीब विद्यार्थ्यालाही नवा भाग पाहता येई. सप्टेंबरात 'मॉब सायको १००' या मालिकेच्या तिसऱ्या पर्वाच्या वेळी मुख्य पात्राचा इंग्रजी आवाज काइल मॅकार्ली यांनी सांगितले की, कलावंतांच्या संघटनेशी निदान पुढील करारांबद्दल बोलणी करा, एवढीच आपली अट कंपनीने मान्य केली नाही आणि आपण बहुधा परत येणार नाही. ध्वनिमुद्रण डॅलसमध्ये, नट समोर बसवून करायचे असे कंपनीचे धोरण होते. चाहत्यांचा उद्रेक झाला. त्यांतले कित्येक जण स्वतः कधी कुठल्या कामगार संघटनेच्या वाऱ्याला उभे राहिले नसतील. पण ओळखीचा आवाज जातो म्हटल्यावर त्यांना संघटना म्हणजे काय ते एका दिवसात समजले. पुतणी या बाबतीत पेचात होती. डॅलसला काम मिळणार, म्हणजे तिच्या गावच्या माणसांना मिळणार. "पण तो आवाज तर त्याचा होता ना, काका," ती म्हणाली. मला शेरखान आठवला.

आयोवातले राइट स्टफ नावाचे १९८७ सालचे दुकान, जे टपालाने ध्वनिचित्रमुद्रिका आणि पुस्तके पाठवी, तेही कंपनीने २०२२मध्ये घेतले आणि २०२३च्या ऑक्टोबरात बंद करून आपल्या दुकानात मिसळले. यावर फार लिहीत नाही. कोपऱ्यावरचे दुकान बंद होण्याचे दुःख सांगून सांगून गुळगुळीत झाले आहे.

२०२४च्या फेब्रुवारीत मात्र जी बातमी आली, तिने माझ्यासारख्या तटस्थालाही हलवले. फनिमेशन २ एप्रिलला कायमचे बंद होणार होते. त्यांच्या मुद्रिकांच्या डब्यांत एक चिठ्ठी असे; तिच्यावरचा संकेतांक भरला की तीच मालिका महाजालावरच्या आपल्या कपाटात जमा होई. ही प्रत कायमची, काही मर्यादांसह, असे त्यांचे म्हणणे होते. आता जाहीर झाले की त्या प्रती नव्या घरी येणार नाहीत. कंपनीचे अध्यक्ष राहुल पुरिणी यांनी एका मुलाखतीत म्हटले की, जे ग्राहक संपर्क साधतील त्यांना योग्य तो मोबदला देण्याचा प्रयत्न चालू आहे. तसे असेलही. पण लोकांचा संताप मोबदल्यापाशी थांबणारा नव्हता. त्यांना 'कायम' या शब्दाचा हिशोब हवा होता. 'कायम, काही मर्यादांसह' हे वाक्य व्याकरणाच्या कुठल्या तासाला टिकेल? तरी मी कोणत्या तोंडाने हसणार? आमच्या वाचनालयात 'तहहयात सभासद' असा एक वर्ग होता. एकशे एक रुपये भरून माणसे तहहयात होत. कोणाची हयात, सभासदाची की वाचनालयाची, हे आम्ही घटनेत लिहिले नव्हते.

पुतणीचे मात्र काही बिघडले नाही. तिच्या घरी भिंतभर मुद्रिका आहेत आणि त्यांतल्या चिठ्ठ्या तिने कधी उघडल्याच नव्हत्या, निव्वळ आळसाने. पूर्वी एकदा मीच तिला रागावलो होतो, की जे महाजालावर दिसते त्याचे डबे विकत घेऊन भिंत कशाला भरतेस. तिने तेव्हा उत्तर दिले नव्हते, आणि २०२४मध्ये आठवण करून दिली नाही. तिच्या आजीचा स्वभाव तिने घेतला आहे.

आणि मग जुलै. क्रंचीरोलवर प्रत्येक भागाखाली पाहणाऱ्यांना चार ओळी लिहिता येत. त्या सगळ्या, जुन्यांसकट, एके दिवशी काढून टाकण्यात आल्या. अपप्रचार आणि घातक मजकूर कमी व्हावा आणि वातावरण सभ्य राहावे, असे कारण दिले गेले. ते अगदीच निराधार नव्हते. काही मालिकांखाली लोक किळसवाणे लिहीत, हे पुतणीनेही मान्य केले. तिने स्वतः तिथे कधी एक अक्षर लिहिले नाही. ती फक्त वाची. दहा-बारा वर्षांपूर्वी कोणी तरी, कुठे तरी, तो भाग पाहून मध्यरात्री जे लिहून ठेवले ते वाचल्यावर तिला झोप येई. "त्यातली काही माणसं आता असतील की नाही, कोण जाणे," ती म्हणाली. "आणि पुसायला किती वेळ लागला असेल? एक बटण."

मी त्या दिवशी काही तरी कारण सांगून फोन ठेवला.

आमच्या वाचनालयात एक सूचना-वही होती. एक कसली, बांधलेल्या सात-आठ होत्या, एकोणीसशे पन्नासच्या सुमारापासूनच्या. तारीख, सभासद क्रमांक, सूचना, कार्यवाहाचा शेरा, असे चार रकाने. सूचना नावालाच, माणसे त्यांत काहीही लिहीत. एका रहस्यकथेचे शेवटचे पान फाटले आहे अशी तक्रार कोणी केली, तर खाली दुसऱ्याने खुन्याचे नाव लिहून दिले, आणि त्याखाली ते पुस्तक नुकतेच घरी नेलेल्या तिसऱ्याने अर्धे पान भरून शिव्याशाप दिले. एका बाई दर कादंबरीवर आपले मत लिहीत, ठाम, बारीक, तिरप्या अक्षरात. लेखकाने नायिकेला उगाच मारले असे त्यांचे बहुतेक वेळा म्हणणे असे. त्यांचे यजमान पोस्टमास्तर होते. बाई १९८४मध्ये गेल्या.

विलीनीकरणाच्या वेळी दुबार प्रती काढायच्या ठरल्या. दोन हातगाड्या भरल्या. सूचना-वह्या नव्या ठिकाणी कशाला न्यायच्या, असे विचारणाऱ्या शिपायाला मी म्हणालो, "त्यात काय आहे? दे रद्दीत." सगळ्याचे मिळून तीनशे बारा रुपये आले. ते जमाखर्चात नीट दाखवले आहेत.

पंधरा दिवसांनी पोस्टमास्तर माझ्या घरी आले. विलीनीकरणाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. सभेत त्यांनी हात वर केला होता. ते म्हणाले, "त्या जुन्या वह्यांतली एखादी मला मिळेल का? तुमच्या उपयोगाची नसेल तर. आमच्याकडे तिच्या हातचं काही नाही. जन्मभर लोकांची पत्रं वाटली, पण आम्ही दोघं कधी लांब राहिलोच नाही, त्यामुळे तिचं मला पत्र असं एकही नाही."

मी त्यांना सांगितले की, वह्या नव्या वाचनालयाच्या माळ्यावर आहेत, शोधून ठेवतो.

ते महिन्याभराने पुन्हा आले. मी म्हणालो, माळा अजून लावायचा आहे. तिसऱ्या वेळी आले तेव्हा त्यांच्या हातात घडी केलेली कापडी पिशवी होती, वही ठेवण्यापुरती. पत्नीने चहा केला. आम्ही पावसाबद्दल बोललो. निघताना त्यांनी पिशवी तशीच खिशात घातली आणि त्यानंतर ते त्या विषयावर कधी बोलले नाहीत. त्यांना कळले होते असे मला वाटते.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मी डॅलसला गेलो. एका रात्री भाऊ-भावजय झोपल्यावर पुतणीने भिंतीवरून एक डबा काढला, 'काउबॉय बीबॉप'चा. हे तुम्हांला आवडेल, यातलं संगीत ऐका म्हणाली. तीन भाग आम्ही पाहिले. इंग्रजी आवाज, कारण मला अक्षरे वाचून चित्र पाहणे जमत नाही. भाग संपल्यावर नावे सरकू लागली की ती पुढे ढकलीत नसे, शेवटच्या नावापर्यंत पाही. त्या नावांच्या मधल्या शांततेत मी तिला वह्यांची गोष्ट सांगितली. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच, आणि मराठी नीट वाचताही न येणाऱ्या मुलीला.

तिने ऐकून घेतले. मग विचारले, "त्या आजोबांना नंतर खरं सांगितलंत?"

"नाही. ब्याण्णव साली ते गेले."

पडद्यावर चित्र मध्येच अडकले होते. ती उठली, तिने मुद्रिका बाहेर काढली, सदऱ्याच्या टोकाने पुसली, उजेडाकडे धरून पाहिली आणि पुन्हा आत सरकवली.